चरात उतरायच्या आधी मातीची भिंत नीट बघा

चर खोदला की कडा सरळ उभी दिसते आणि सगळ्यांना वाटतं माती पक्की आहे, पण तिचा बाजूचा आधार आपणच काढून घेतलेला असतो. एक घनमीटर माती म्हणजे साधारण दीड ते दोन टन, ती ढासळली की पळायला वेळच मिळत नाही. डोकं बाहेर राहिलं तरी माणूस गुदमरतो, कारण श्वास सोडला की छातीभोवतीची माती अजून आवळते आणि पुढचा श्वास घेताच येत नाही.

दीड मीटरपेक्षा खोल चर असेल तर आधार हवाच, आणि माती भुसभुशीत असेल तर त्यापेक्षा कमी खोलीलाही हवा. जागा असेल तर कडा तिरक्या कापा, वाळूसारख्या सुट्या मातीत दर एक मीटर खोलीला दोन्ही बाजूंना दीड मीटर मोकळं करावं लागतं. जागा नसेल तर शोरिंग (भिंतींना फळ्या आणि मध्ये आडवे टेकू) किंवा ट्रेंच बॉक्स (चरात उतरवायची मजबूत तयार चौकट, माणसं तिच्या आत काम करतात). शोरिंग वरून खाली लावत जायचं, काढताना मात्र खालून वर, भराव टाकत टाकत.

रोज काम सुरू व्हायच्या आधी आणि पाऊस पडून गेल्यावर परत एकदा कडेवर नजर फिरवा. कडेपासून थोडं आत, चराला समांतर अशी केसाएवढी भेग दिसली तरी सगळ्यांना लगेच वर घ्या, तेवढा मातीचा पट्टा सुटायला लागलेला असतो. भिंतीला फुगवटा, बारीक खडे सारखे गळणं, तळाला पाणी झिरपणं, हेही तसंच समजा. शेजारून जुनी पाइपलाइन गेली असेल तर ती माती आधीच एकदा उकरलेली असते, तिच्यावर अजिबात भरवसा नको.

निघालेली माती कडेपासून निदान दोन फूट लांब टाका, जमलं तर अजून लांब, आणि पोकलेन, डंपर कडेला उभे करू नका. शिडी जवळ हवी, सात-साडेसात मीटरच्या आत, आणि तीही आधार दिलेल्या भागातच.

सगळ्यात जास्त घात करतं ते "दोन मिनिटांचं काम आहे, पटकन लेव्हल बघून येतो". मुकादमाने इथे स्पष्ट नाही म्हणायचं, समोर इंजिनियर असला तरी!

आणि कोणी गाडलं गेलंच तर लगेच फायर ब्रिगेडला फोन करा, जवळची मशिनं बंद करा, बाकीच्यांना कडेपासून लांब ठेवा. मागोमाग उडी मारू नका, तीच कडा पुन्हा कोसळू शकते. आणि बकेटने उकरायला तर मुळीच जाऊ नका, खाली माणूस नेमका कुठे आहे ते वरून दिसत नाही.