मुलगी डबा तसाच परत आणायला लागली तर काय करायचं

अठरा वर्षं आठवी ते दहावीला शिकवतेय, वर घरच्या दोन पोरी, त्यामुळे "मुलांना रोज शाबासकी द्या, कॉन्फिडन्स वाढतो" असलं काही वाचलं की डोकंच फिरतं. पोरीला स्वतःची लाज वाटायला लागली की ते आधी तोंडातून येत नाही, डब्यातून येतं. पोळीभाजी तशीच परत, "भूक नव्हती", पीटीच्या तासाला नेमकं पोट दुखतं आणि मार्चच्या उन्हातही जॅकेट काही निघत नाही.

आधी सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी, करून घ्या. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर अ‍ॅनिमिया. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींना तो होता, म्हणजे हे काही जगावेगळं नाही. रक्त कमी असलं की दम लागतो, वाचलेलं डोक्यात राहत नाही, मार्क घसरतात आणि पोरगी ठरवते की आपण ढ आहोत, मग अजूनच जेवत नाही. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी मळमळतं म्हणून बेंचखाली जाते, मी कितीदा झाडून काढल्यात. जेवल्यावर घ्यायला सांगा, आणि चहाबरोबर नको.

मग घरच्यांची तोंडं आवरा. "जाडी झालीस", "काळवंडलीस" बंद, आणि "बारीक झालीस, छान दिसतेस" हेसुद्धा बंद. नात्यात कुणाचं लग्न असेल तर आत्या-मावशीला आधीच फोन करून ठेवा, राग येऊ दे.

आता बोलणं. इथेच मी तोंडावर आपटलेय. नववीतल्या एका मुलीला बाजूला घेऊन म्हटलं, अगं किती गोड दिसतेस, कशाला असलं डाएट? ती "हो बाई" म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून डबा आणायचाच बंद. तिला जे वाटत होतं ते मी एका वाक्यात खोटं पाडलं होतं, मग पुढचं ती मला कशाला सांगेल? कौतुकाने सुरुवात करू नका, अजिबात नाही.

समोर बसवूनही बोलू नका. स्कूटरवर मागे बसवा नाहीतर मटार सोलायला घ्या, हात कामात आणि डोळे खाली. एवढंच म्हणा, "चार दिवस डबा तसाच येतोय, बघितलं मी." आणि गप्प बसा. खरंच गप्प. जीव नुसता वरखाली होतो पण मटार सोलत राहायचं. धाकटीच्या वेळी किलोभर मटार संपत आले तेव्हा कुठे ती म्हणाली की क्लासच्या ग्रुपवर एकाने तिचा फोटो टाकून खाली "भोपळा" लिहिलंय. आता तुम्हाला वाटणार "दुर्लक्ष कर" म्हणावं, फोन काढून घ्यावा, त्या पोराच्या आईला गाठावं. त्या संध्याकाळी यातलं काहीही करायचं नाही. फोन काढून घेतलात तर ती यापुढे काही सांगणार नाही, हे लिहून घ्या. "मग तू काय केलंस?" एवढंच विचारा, आणि मी काय करू ते दुसऱ्या दिवशी तिलाच विचारा. माझी म्हणाली, काही नको, फक्त बाबांना सांगू नकोस.

मुलग्यांचंही हेच, फक्त तिथे डब्याऐवजी जिम आणि पावडरचा डबा असतो.

झोप आठ ते दहा तास, रोज तासभर खेळ. घरातलं एखादं काम पूर्ण तिच्यावर सोपवा आणि मध्ये नाक खुपसू नका.

सलग तीन महिने पाळी नाही, चक्कर येते, जेवल्यावर बाथरूममध्ये उलट्या, असं असेल तर मटार बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही बोलली तर त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीतही बोलतात. फ्रिजवर चिकटवून ठेवा, पोरीला दिसेल असा.