फुप्फुसातला बुरशीसंसर्ग: ‘प्रतिकारशक्ती कमी झाली’ म्हणून थांबू नका, या चुका टाळा

ॲस्परजिलस फ्यूमिगेटस या बुरशीचे बीजाणू जेमतेम दोन-तीन मायक्रॉनचे असतात. नाक-घशाला चुकवून थेट वायुकोशांपर्यंत पोचायला हा आकार अगदी सोयीचा. हवेत ते जवळजवळ सगळीकडे असतात आणि प्रत्येक माणूस दिवसाला काही शे बीजाणू नकळत आत ओढतो. बहुतेकांना त्याचं काहीच होत नाही. ज्यांना होतं, त्यांच्याबद्दल लगेच म्हटलं जातं, ‘प्रतिकारशक्ती कमी झाली होती.’ हे खोटं नाही, पण त्यातून हाती काही लागत नाही. प्रतिकारशक्तीचा नेमका कोणता भाग पडला हे कळल्याशिवाय कोणती बुरशी असेल, कोणती तपासणी करायची आणि कोणतं औषध चालेल, यातलं काहीच ठरत नाही. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

पांढऱ्या पेशींचा आकडा पाहून निश्चिंत होणं

आधी नीट चाललेलं काम कसं दिसतं ते पाहू. श्वासनलिकेतला चिकट स्राव आणि त्याला वर ढकलणारे सूक्ष्म केस बरेचसे बीजाणू बाहेर काढतात. जे वायुकोशात उतरतात त्यांना तिथल्या मॅक्रोफेज पेशी गिळतात. सुप्त बीजाणूवर रॉडए नावाच्या प्रथिनाचं पाणी न धरणारं आवरण असतं. त्यामुळे शरीर त्याची फारशी दखल घेत नाही, आणि ते बरंच आहे. रोज येणाऱ्या प्रत्येक बीजाणूवर फुप्फुस पेटून उठलं असतं तर श्वास घेणंच अवघड झालं असतं.

बीजाणू काही तास उबदार ओलाव्यात राहिला की फुगतो. आवरण फाटतं आणि खालचं बीटा-ग्लुकान (बुरशीच्या भिंतीतला साखरेसारखा घटक) उघडं पडतं. मॅक्रोफेजवरचा डेक्टिन-१ हा रिसेप्टर ते ओळखतो, आत कार्ड-९ या प्रथिनामार्फत संदेश जातो आणि न्यूट्रोफिल या लढाऊ पांढऱ्या पेशींना बोलावणं धाडलं जातं. एव्हाना अंकुर फुटून लांब तंतू झाला असेल, तर तो एका पेशीला गिळता येत नाही. मग न्यूट्रोफिल त्याला घेरतात, त्याच्यावर ऑक्सिजनची मारक संयुगं सोडतात, स्वतःच्या डीएनएची जाळी फेकतात आणि कॅलप्रोटेक्टिन वापरून बुरशीला लागणारं जस्त अडवून धरतात.

म्हणूनच केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे ५००च्या खाली जाऊन दहा दिवसांपेक्षा जास्त तिथेच राहिले, तर ॲस्परजिलसचा धोका खरा होतो. इथवर आकडा उपयोगी पडतो. पण क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या जन्मजात आजारात न्यूट्रोफिल भरपूर असूनही ती मारक संयुगं तयार करणारं एन्झाइम बिघडलेलं असतं. आकडा उत्तम, तरी आजार तोच. स्टेरॉईड तर याहून फसवं. त्यामुळे रक्तातल्या न्यूट्रोफिलची संख्या उलट वाढते, पण बुरशी मारण्याची त्यांची आणि मॅक्रोफेजची ताकद घटते. जास्त मात्रेच्या स्टेरॉईडवर असलेल्या माणसाचा रिपोर्ट ‘पेशी चांगल्या वाढल्यात’ म्हणून बाजूला ठेवणं ही माझ्या मते या यादीतली सर्वांत घातक चूक.

सगळ्या बुरशी एकाच मापाने मोजणं

न्यूमोसिस्टिस या बुरशीला रोखायचं काम मुख्यतः सीडी-४ टी पेशींच्या (इतर पेशींना हुकूम देणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) जोरावर चालतं. एचआयव्हीमध्ये सीडी-४ची संख्या २००च्या खाली गेली की ही बुरशी डोकं वर काढते, मग न्यूट्रोफिल कितीही असोत. शिवाय बहुतेक बुरशीविरोधी औषधं ज्याला लक्ष्य करतात ते एर्गोस्टेरॉल हे मेद तिच्या पेशीपटलात नसतं. त्यामुळे व्होरिकोनाझोल किंवा ॲम्फोटेरिसिनसारखी नेहमीची बुरशीविरोधी औषधं तिथे चालत नाहीत; कोट्रायमॉक्साझोल लागतं. ‘अँटीफंगल चालूच आहे की’ हा दिलासा इथे पोकळ ठरतो.

हिस्टोप्लाझ्मा आणि क्रिप्टोकोकस या बुरशींना मॅक्रोफेज गिळतात, पण ते आतच जिवंत राहू शकतात. टी पेशींनी इंटरफेरॉन-गॅमा हा रासायनिक संदेश पाठवला तरच मॅक्रोफेजना ते पचवण्याचं बळ येतं आणि उरलेल्या बुरशीभोवती पेशींची घट्ट गाठ बांधली जाते. ती गाठ टिकायला टीएनएफ हा दाह वाढवणारा दुसरा संदेश लागतो. संधिवात किंवा आतड्याच्या दाहासाठी टीएनएफ रोखणारी औषधं सुरू झाली की वर्षानुवर्षं गप्प असलेला हिस्टोप्लाझ्मा जागा होऊ शकतो, तो यामुळे. तेव्हा जुना प्रवास, गुहांमध्ये जाणं, पक्ष्यांच्या किंवा वटवाघळांच्या विष्ठेशी आलेला संबंध हे सगळं डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.

म्युकरची (‘काळी बुरशी’ म्हणतात तिची) गोष्ट आणखी वेगळी. अनियंत्रित मधुमेहात, विशेषतः रक्तात आम्ल वाढल्यावर, न्यूट्रोफिलचं काम मंदावतं आणि बांधलेलं लोह मोकळं होतं. म्युकरला नेमकं तेच हवं असतं. साखर आणि आम्ल आटोक्यात आणणं हा इथे उपचाराचाच भाग आहे. आणि व्होरिकोनाझोल म्युकरवर चालत नाही.

थुंकीत कॅन्डिडा दिसला की गोळ्या सुरू करणं

कॅन्डिडा ही बुरशी तोंडात आणि घशात राहतेच, आणि थुंकी तिथूनच बाहेर येते. कॅन्डिडामुळे होणारा खरा न्यूमोनिया दुर्मीळ आहे. केवळ या रिपोर्टवर औषध घेऊ नका. तापाचं कारण दुसरीकडे शोधा.

एक तपासणी निगेटिव्ह म्हणजे बुरशी नाही, असं मानणं

ॲस्परजिलसच्या भिंतीतलं गॅलॅक्टोमॅनन रक्तात शोधतात. न्यूट्रोफिल नसलेल्या रुग्णात ही तपासणी बऱ्यापैकी भरवशाची. न्यूट्रोफिल असलेल्या रुग्णात मात्र आजार असूनही रक्तात ती बरेचदा निगेटिव्ह येते, कारण तंतू रक्तवाहिन्यांत कमी घुसतात आणि सुटलेलं गॅलॅक्टोमॅनन पेशी साफ करत राहतात. आयसीयूमधल्या इन्फ्लुएन्झाच्या किंवा स्टेरॉईडवरच्या रुग्णात म्हणूनच दुर्बीण घालून फुप्फुस धुतलेल्या द्रवाची तपासणी जास्त कामाची. बीटा-ग्लुकानच्या तपासणीत म्युकर सापडत नाही, आणि क्रिप्टोकोकससाठी स्वतंत्र अँटीजेन तपासणी असते. क्षयाने पडलेल्या जुन्या पोकळीत वाढणाऱ्या ॲस्परजिलससाठी रक्तातल्या आयजीजी अँटीबॉडी पाहतात. क्षयाचे रिपोर्ट निगेटिव्ह, तरी वजन घटतंय आणि खोकल्यातून रक्त पडतंय, अशा वेळी ही तपासणी झाली आहे का ते विचारा.

प्रतिकार जितका जोरात तितकं चांगलं, असं मानणं

काही दमेकऱ्यांमध्ये ॲस्परजिलस फुप्फुसाच्या मांसात घुसतच नाही. नलिकांतल्या स्रावात राहतो. त्रास होतो तो शरीराच्या उत्तराचा. आयजीई ही ॲलर्जीची अँटीबॉडी प्रचंड वाढते, इओसिनोफिल या ॲलर्जीतल्या पांढऱ्या पेशी जमतात, कफाचे घट्ट बुच तयार होतात आणि नलिका कायमच्या रुंदावतात. या आजाराला एबीपीए (ॲलर्जिक ब्रॉन्कोपल्मनरी ॲस्परजिलोसिस) म्हणतात आणि त्यावर स्टेरॉईड किंवा इट्राकोनाझोल देतात. म्हणजे एका रुग्णात जे औषध बुरशीला दार उघडून देतं, तेच दुसऱ्यात उपचार ठरतं. अशा माणसाने ‘इम्युनिटी वाढवणारी’ पावडर घेऊन नेमकं काय वाढवायचं? न्यूमोसिस्टिसमध्येही ऑक्सिजन बराच खाली गेला असेल तर बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉईड देतात, कारण मरणाऱ्या बुरशीवर उठणारा दाहच श्वास कोंडू शकतो.

पहिल्या आठवड्याचा सीटी पाहून औषध बदलणं

आक्रमक ॲस्परजिलसमध्ये योग्य औषध चालू असतानाही पहिल्या सात-दहा दिवसांत सीटीवरचे डाग मोठे दिसू शकतात. न्यूट्रोफिल परत येऊ लागले की डागाच्या कडेने चंद्रकोरीसारखी हवा दिसते. मेलेला भाग सुटू लागल्याची ती खूण आहे, त्यामुळे बरेचदा चांगली बातमी. धोका मात्र त्यातही आहे. याच काळात रक्तवाहिनी फुटून खोकल्यातून रक्त येऊ शकतं. रक्त आलं तर वाट पाहत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.

माणूसच खालावत असेल तर गोष्ट वेगळी. ताप हटत नाही, ऑक्सिजन घसरतोय, तर पहिला प्रश्न औषधाच्या पातळीचा. व्होरिकोनाझोल प्रत्येकाच्या यकृतात वेगळ्या वेगाने मोडतं आणि रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधासोबत तर ते रक्तात जवळजवळ उरतच नाही. पुढचा प्रश्न, बुरशी खरंच तीच आहे का? की आत म्युकर आहे? तिसरा, व्होरिकोनाझोलसारख्या अझोल औषधांना न जुमानणारा ॲस्परजिलस तर नाही? असे प्रकार जगभर सापडले आहेत आणि शेतीतल्या बुरशीनाशकांशी त्यांचा संबंध दाखवला गेला आहे. आणि मूळ बिघाड दुरुस्त होतोय का, हेही पाहायला हवं. स्टेरॉईड कमी करता येत असेल तर करावं, पण डॉक्टरांनीच आणि हळूहळू. घाबरून ते एकदम थांबवलं तर मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींचं काम आधीच मंदावलेलं असल्यामुळे रक्तदाब कोसळू शकतो.

रुग्णाला वाळीत टाकणं

ॲस्परजिलस, म्युकर किंवा हिस्टोप्लाझ्मा खोकल्यातून दुसऱ्याला लागत नाही. वेगळं ताट, वेगळी खोली यांची गरज नसते. जपायचं ते रुग्णालाच: पाडकामाची धूळ, कंपोस्ट उपसणं, बुरसटलेल्या भिंती खरवडणं यांपासून. अपवाद न्यूमोसिस्टिसचा. तो हवेतून एका कमकुवत रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, म्हणून अशा रुग्णाला प्रत्यारोपण झालेल्या किंवा केमोथेरपी चालू असलेल्या माणसासोबत एकाच खोलीत ठेवत नाहीत.