कॉर्डलेस ड्रिल घेताय? व्होल्ट नंतर, आधी मूठ धरून बघा

ड्रिल घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, 'किती व्होल्टचं?' आणि दुसरा, 'शेवटचं कितीला देणार?' मीही हेच दोन प्रश्न विचारून १८ व्होल्टचं, १३ मिलिमीटर चकचं (चक म्हणजे भोक पाडणारा बिट धरणारा पुढचा जबडा) दणकट मशीन जुळे सोलापुरातल्या घरी आणलं. पहिल्याच रविवारी ओट्याखालच्या कपाटाची बिजागरी बदलायला बसलो, तर मशीन आत आडवंही जाईना आणि उभंही. शेवटी पेचकसानेच स्क्रू पिळले. बायकोने एकदा हातात घेतलं आणि 'हे तुमचं तुम्हीच चालवा' म्हणून खाली ठेवलं. मशीनमध्ये काही खोट नव्हती, आजही व्यवस्थित चालतं. मी ताकद विकत घेतली होती, मूठ बघितलीच नव्हती.

कपाटं, शेल्फ, पडद्याचे रॉड, पलंगाचे बोल्ट या कामांना पुरेल इतकी ताकद १२ व्होल्टच्या कोणत्याही बऱ्या मशीनमध्ये असते. ते मशीन तुम्ही दर आठवड्याला काढणार की माळ्यावर टाकणार, हे मुठीवर ठरतं. म्हणून निवड उलट्या टोकाने करू.

आधी कामं लिहा, आणि हात कुठे असेल तेही लिहा

कागदावर गेल्या वर्षभरातली कामं लिहा. नुसतं 'स्क्रू मारणे' लिहून भागत नाही. छातीच्या उंचीवर, डोक्याच्या वर, गुडघ्यावर बसून, कपाटात हात घालून, असं प्रत्येक कामापुढे लिहा. माझी यादी केली तेव्हा कळलं की निम्म्याहून जास्त कामं अडचणीच्या जागेतली होती. सोलापूरच्या पूर्व भागात मागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, असलेल्या माझ्या एका मित्राची यादी वेगळीच निघाली. त्याचं सगळं काम वाकून, मागाच्या सांगाड्याखाली हात घालून. सुताराची यादी आणखी वेगळी, तो दिवसभर छातीसमोर प्लायवूडमध्ये स्क्रू मारतो. तिघांना एकच मशीन देणं म्हणजे तिघांना एकाच मापाची चप्पल देण्यासारखं आहे.

मग बॅटरी कुठे बसते ते बघा

पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा ट्रिगर ही कल्पना जुनी. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या ब्लॅक अँड डेकर कंपनीला तिचं पेटंट १९१७ साली मिळालं. ती ड्रिलं वायरची, त्यामुळे मुठीत फक्त स्विच. १९६१ मध्ये त्याच कंपनीने बॅटरीवरचं ड्रिल बाजारात आणलं, आणि तेव्हापासून हे यंत्र बनवणाऱ्यांपुढे एक कोडं कायमचं येऊन बसलं. बॅटरीचं वजन ठेवायचं कुठे?

एक उत्तर, मुठीच्या आतच. बॉशच्या १२ व्होल्टच्या बऱ्याच ड्रिलमध्ये बॅटरी खालून मुठीत सरकते. मशीन आखूड, आटोपशीर दिसतं, पिशवीत मावतं. पण मुठीची जाडी आता बॅटरीच्या हातात गेली. १२ व्होल्टच्या पॅकमध्ये सहसा तीन सेल असतात. त्यांचं नाव १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. तीन सेल त्रिकोणात एकमेकांना चिकटवून भोवती दोरी गुंडाळली तर तीच ११ सेंटीमीटर होते. वर पॅकचं कवच, मुठीचं प्लास्टिक आणि रबर मिळून चार मिलिमीटर धरले, तरी मुठीचा घेर साडेतेरा सेंटीमीटरवर जातो. कितीही हुशार डिझायनर आणा, सेल बारीक होत नाहीत.

दुसरं उत्तर, मुठीच्या खाली. बॅटरी तळव्यासारखी आडवी बसते आणि बाजूने सरकवून काढता येते. मकिताची जुनी १०.८ व्होल्टची मशीनं मुठीत बॅटरी घालायची, नंतर त्यांनी त्याच वर्गात ही सरकती बॅटरी आणली. मुठीत सेल नसल्याने ती हवी तशी बारीक करता येते, आणि लहान हाताच्या माणसाला हा फरक पहिल्या सेकंदाला कळतो. शिवाय मशीन स्टुलावर उभं राहतं. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण शिडीवरून उतरताना आडवं ठेवलेलं ड्रिल घरंगळून फरशीवर पडलं की क्षुल्लक राहत नाही. तोटा असा की तो तळवा पुढे-मागे बाहेर येतो, आणि कपाटाच्या कोपऱ्यात नेमका तोच अडतो. १८ व्होल्टची जवळपास सगळी मशीनं याच जातीची. त्यांच्यात किमान पाच सेल असतात, ते मुठीत मावणं अवघडच.

(डब्यावर कुणी '१२ व्होल्ट मॅक्स' लिहितं, कुणी '१०.८'. दोन्ही तीन सेलचीच. पूर्ण चार्ज असताना मोजलं की १२ च्या वर भरतात, चालताना सरासरी १०.८. तसंच '२० मॅक्स' आणि '१८' सारखेच. त्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका.)

तिसरं उत्तर म्हणजे सरळ मूठ, जाड पेचकसासारखी. काहींमध्ये ती मधून वाकवून पिस्तुलाच्या आकाराची करता येते. चिमुकलं ३.६ व्होल्टचं मशीन, स्विचबोर्ड उघडायला किंवा फर्निचरचे जोडस्क्रू फिरवायला फार गोड. पण याच्याकडून भोक पाडायची अपेक्षा ठेवू नका, आणि त्यामागे कारण आहे. बिट अडकला की मशीन उलटं फिरायला बघतं. पिस्तुली मूठ बिटाच्या रेषेपासून खाली लांब असते, त्यामुळे हाताला तरफ मिळते. सरळ मुठीत तरफ नाही, सगळा पीळ मनगटाला सोसावा लागतो. म्हणून यांची ताकद साधारण ५ न्यूटन-मीटरच्या (हे पीळ मोजायचं माप) आसपासच असते.

काटकोनात डोकं असलेलं ड्रिल चौथं. दोन फळ्यांच्या मधे, जिथे पेचकसही उभा राहत नाही तिथे त्याला पर्याय नाही. मात्र घरच्या माणसाने अख्खं मशीन न घेता चकमध्ये बसणारं काटकोनी जोडयंत्र घ्यावं. माझ्या कपाटाच्या बिजागरीचं काम शेवटी त्यानेच सोपं केलं.

हात मोजा

लाटणं घ्या, त्यावर वर्तमानपत्राची पानं घट्ट गुंडाळत जा. टॉवेलही चालेल, सोलापुरात त्याला काय तोटा! पण टॉवेल दबतो, कागद बरा. मधेमधे मुठीत धरून बघा. अंगठ्याचं टोक मधल्या बोटाच्या टोकाला सहज टेकतंय आणि पकड सैल पडत नाहीये, अशा जाडीवर थांबा. शिवणाच्या टेपने घेर मोजा. हा तुमचा आकडा. माझा १४ आला, बायकोचा १२. म्हणजे मुठीत बॅटरी असलेलं मशीन मला जेमतेम बसतं आणि तिच्या हातात ते जाडच होणार. दोघांनी वापरायचं असेल तर लहान हाताचा आकडा धरा. मोठ्या हाताला बारीक मूठ चालते, लहान हाताला जाड मूठ चालत नाही.

दुकानात पाच मिनिटं मागा

टेप खिशात घालून जा. डबा फोडायला दुकानदार कुरकुरतात, पण काउंटरवर एखादं नमुन्याचं मशीन बहुधा असतं. बॅटरी लावल्याशिवाय हातात घेऊ नका, रिकाम्या मशीनचा तोल खोटा असतो. 'मालक, बॅटरी लावूनच द्या' म्हणायचं.

पहिल्यांदा मुठीच्या वरच्या भागाचा घेर मोजा, जिथे मधलं बोट येतं तिथे. मग ट्रिगरखाली फक्त एक बोट घालून मशीन लटकवा. चक खाली झुकतो की मागची बाजू? मूठ मोटरच्या मध्यावर असलेली, इंग्रजी टी अक्षरासारखी मशीनं साधारण सरळ राहतात. मूठ अगदी मागे असेल तर नाक खाली पडतं, आणि डोक्यावर दहा मिनिटं काम केल्यावर ते तुमच्या मनगटाला कळतं. मोठी बॅटरी लावून हीच चाचणी पुन्हा करा.

आता दाब द्यायची पकड. हात शक्य तितका वर सरकवा, अंगठा आणि तर्जनीमधली खाच मोटरच्या मागे बसेल असा. तर्जनी बिटाच्या दिशेने मशीनच्या अंगावर सरळ ठेवा आणि मधल्या बोटाने ट्रिगर दाबा. अशा पकडीत दाब सरळ बिटाच्या रेषेत जातो, भोक तिरकं होत नाही. ज्या मशीनमध्ये ही पकड सहज बसते ते निम्मं पास. बघताना तळहाताखाली हवेची भोकं झाकली जात नाहीत ना, हेही पाहा. मित्राच्या कारखान्यात कापसाचं तूस आधीच त्या जाळ्यांत जाऊन बसतं, वरून हाताने झाकली तर मोटर तापणारच. (त्याला मी दर आठवड्याला ब्रशने जाळ्या साफ करायला सांगतो. करत नाही.)

पकड न सोडता अंगठ्याने उलट-सुलट फिरवायचं बटण दाबता येतं का? डावखुऱ्यांनी दुसऱ्या बाजूनेही बघावं. दिवा कुठे आहे? ट्रिगरच्या वर असेल तर चकची सावली नेमकी स्क्रूवर पडते. मुठीच्या तळाला असेल तर उजेड खालून येतो आणि स्क्रू दिसतो. रबर बोटाने चोळा. हलक्या मशीनचं रबर आपल्या मे महिन्यात चिकट होतं, मग धूळ धरतं.

शेवटी लांबी. मागच्या टोकापासून चकच्या टोकापर्यंत टेप लावा. ब्रशलेस, म्हणजे आत कार्बनचे ब्रश नसलेल्या मोटरचं १२ व्होल्टचं मशीन १३ सेंटीमीटरच्या आसपास भरतं, साधं ब्रशवालं १७ च्या आसपास. त्यात बिटाची लांबी मिळवा आणि घरच्या कपाटाशी ताडून बघा. मी हे केलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

भिंत कसली आहे?

इथे मुठीपेक्षा भिंत मोठी. नुसतं ड्रिल-ड्रायव्हर लाकूड, प्लायवूड आणि पत्र्यासाठी. विटेची, सिमेंट गिलाव्याची भिंत असेल तर हातोडीचं चिन्ह असलेलं इम्पॅक्ट ड्रिल घ्या, गिट्टीपुरतं, म्हणजे स्क्रूसाठी भिंतीत ठोकायच्या प्लगपुरतं, भोक पडतं. आरसीसीचा बीम किंवा स्लॅब आला की मिस्त्रीचं मोठं हॅमर मशीन बोलवा. झोपाळ्याचा हूक छोट्या मशीनने बसवायच्या नादाला लागू नये. गावठाणात अजून माळवदाची घरं आहेत, तिथली भिंत दगड-मातीची. बिट काळ्या दगडाला लागला तर हटत नाही, आणि मातीत गेला तर भोक भसकतं, गिट्टी फिरत राहते. जुन्या लोकांनी तिथे लाकडी खुंट्या ठोकल्या त्या उगाच नाहीत.

इम्पॅक्टवालं मशीन मोटरच्या पुढे थोडं लांब असतं, तोल पुढे सरकतो. वर सांगितलेली लटकवायची चाचणी त्याच्यावर वेगळी करा.

आणि जोराचं एक गणित. १२ व्होल्टच्या बऱ्या मशीनची ताकद ३० न्यूटन-मीटरच्या आसपास असते. पत्र्यात बिट अचानक रुतला आणि तुमचा हात बिटाच्या रेषेपासून १० सेंटीमीटर खाली असला, तर मुठीवर ३० किलोच्या ओढीचा झटका बसतो. माझं मनगट एकदा असं मुरगळलं, आठवडाभर भाकरीचा तुकडा डाव्या हाताने मोडत होतो. ६० न्यूटन-मीटरच्या मशीनमध्ये झटका दुप्पट. म्हणून मोठ्या मशीनला बाजूची वेगळी मूठ लावायची सोय असेल तर ती काढून कपाटात ठेवू नका. पत्र्यात भोक पाडताना तर लावाच. आणि स्क्रू मारताना क्लचची चकती (ठरलेला पीळ झाला की बिट फिरायचा थांबवणारी) कमी आकड्यावरून सुरू करा.

बिल करण्याआधी

जादा बॅटरीची किंमत आत्ताच विचारा. चार वर्षांनी मशीन धडधाकट आणि बॅटरी मेलेली, अशी वेळ येतेच. ज्या जातीची बॅटरी आपल्या शहरात दुकानात मिळते तीच घ्या. दोन लहान बॅटऱ्या एका मोठीपेक्षा बऱ्या, कारण मोठी लावली की मुठीत बॅटरीवाल्या मशीनलाही खाली तळवा फुटतो आणि आटोपशीरपणाचं कौतुक संपतं.

उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ड्रिल ठेवू नका. पारा बेचाळीसला असताना डिकीतली बॅटरी बोट लावायच्या लायकीची राहत नाही, आणि तापलेली बॅटरी चार्जरवर लावली तर चांगला चार्जर दिवा लुकलुकवत थांबतो, ती निवेपर्यंत चार्जच करत नाही. दुकानदाराकडे 'चार्जर खराब दिला' म्हणून भांडायला जाण्याआधी ती अर्धा तास सावलीत ठेवा. माठाजवळ ठेवली तरी चालेल, ओली मात्र होऊ देऊ नका.

मी मग सरकत्या बॅटरीचं, बारीक मुठीचं १२ व्होल्टचं मशीन घेतलं. घेर मोजला, १२ सेंटीमीटरच्या आत. जुनं १८ व्होल्टचं मित्राच्या कारखान्यात गेलं. नवं घेतल्यापासून घरातला एकही स्क्रू मी पिळलेला नाही, कारण ते माझ्या हाताला लागतच नाही.