आधी काटा, मग कॅम्पर

आमच्या सोलापुरात कॅम्पर म्हटलं की दोन ओळी सीटची बोलेरो कॅम्परच डोळ्यापुढं येते. इथं मी बोलतोय ते पिकअपच्या हौद्यात बसवायच्या राहत्या केबिनबद्दल. झोपायला बंक, चहाला शेगडी, पाण्याची टाकी, वर पत्रा. अक्कलकोट रोडला माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. गिऱ्हाईक येतं आणि पहिलं वाक्य ठरलेलं : "गाडी दीड टन पासिंग आहे, बिनधास्त बनवा." पासिंग म्हणजे कागदावर किती माल न्यायची परवानगी.

बिनधास्त नाही बनवत. आधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीचं कार्ड, बघायची. तिच्यावर एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन, असे दोन आकडे असतात. त्यांतला फरक म्हणजे कागदावरचा पेलोड, गाडीनं वाहायचं वजन. माझ्या स्वतःच्या गाडीचे आकडे 2,950 आणि 1,750 किलो. फरक 1,200. पण हे 1,200 केबिनसाठी मोकळे आहेत असं धरून चाललात तर फसलात. तुमची माणसं, डिझेल, नंतर चढवलेलं लोखंड, सगळं त्यातूनच जातं.

म्हणून मी सांगतो, काटा करून या, म्हणजे गाडी वजनकाट्यावर तोलून आणा. डिझेलची टाकी फुल, स्टेपनी जागेवर, प्रवासाला जितकी माणसं तितकी आत बसलेली. मार्केट यार्डाकडं जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारी टाळा. कांद्याची आवक सुरू असली की काट्यावर नंबर लागता लागत नाही. माझी गाडी काट्यावर 2,105 भरली. म्हणजे 355 किलो आधीच खर्ची! कशात गेले? आम्ही दोघं 140, डिझेल 50, पुढचा गार्ड आणि कॅरियर 60, आणि हौद्यात मीच हौसेनं ठोकलेली 3 एमएमची चेकर प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा लोखंडी पत्रा, ती 105. लोखंडाचा 1 एमएम पत्रा चौरस मीटरला 7.85 किलो भरतो, हे मला रोजचं पाठ. तरी स्वतःच्या गाडीला लावताना डोक्यात आलं नाही. उरले 845.

आता केबिन. चौकोनी पाइपचा सांगाडा, पत्रा, आत प्लाय धरून माझी 430 किलोची झाली. 18 एमएम प्लायची एक आठ बाय चार शीटच तीस-पस्तीस किलो असते, म्हणून बंकला शक्यतो 12 एमएम आणि खाली पट्ट्या द्या. पाणी लिटरला किलो, 100 लिटरची टाकी म्हणजे 100. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी 55. घरगुती सिलेंडर भरलेला 30, त्यापेक्षा पाच किलोचा छोटा घ्या. भांडी, कपडे, गाद्या, चादरी मिळून 80. बेरीज 695. शिल्लक 150. एवढी शिल्लक ठेवायचीच. येताना तुम्ही रिकाम्या हातानं येत नाही.

वजन किती याइतकंच ते कुठं बसतं हे बघा. पहिल्या केबिनला मी पाण्याची टाकी आणि बॅटरी मागच्या फाळक्याजवळ ठेवली होती, पाइप ओढायला सोपं म्हणून. तुळजापूरच्या घाटात स्टेअरिंग पोकळ लागायला लागलं. बायको म्हणाली, "गाडी पुढून उचलायलीय का काय?" बरोबर ओळखलं तिनं. हिशोब सोपा आहे. पुढच्या आणि मागच्या चाकात तीन मीटर अंतर धरा. 600 किलोचा भार मागच्या अ‍ॅक्सलच्या, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या आसाच्या, 30 सेंटीमीटर मागं गेला, तर मागच्या चाकांवर 660 येतात आणि पुढची चाकं 60 किलोनं हलकी होतात. तोच भार 30 सेंटीमीटर पुढं घेतला तर मागं 540, पुढं 60 वाढतात. म्हणून टाकी, बॅटरी पुढं, ड्रायव्हरकडच्या भिंतीला चिकटून, खाली. टपावर काही नको.

सगळं भरून पुन्हा काट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं चढवा, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा मिळतो. तो कंपनीच्या मर्यादेत हवा आणि टायरच्याही. टायरच्या बाजूवर मापाशेजारी आकडा असतो. 100 म्हणजे एका टायरला 800 किलो, 106 म्हणजे 950. हवा थंड टायरमध्ये भरा. मेच्या उन्हात दुपारी वाढलेली दिसली म्हणून काढू नका.

"एक पाटा वाढवा की, मग चालतंय," असं प्रत्येक जण म्हणतो. पाटा म्हणजे मागच्या स्प्रिंगची पट्टी. पाट्यानं गाडी बसायची थांबते, पासिंग वाढत नाही. ब्रेक तेच, अ‍ॅक्सल तोच. ओव्हरलोडला दंड वीस हजार, वर जादा प्रत्येक टनाला दोन हजार. केबिन कायमची बसवणार असाल तर वेल्डिंगच्या आधी आरटीओत विचारा. आणि चालत्या गाडीत मागं कुणालाही झोपवू नका, पोरांना तर नाहीच.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर केबिनचे बोल्ट पुन्हा आवळा, ते ढिले होतातच. पाण्याची टाकी मी घरून पाव भरूनच निघतो. घाट चढून तुळजापूरला पोचलो की वरच भरून घेतो.