उमविला निघालात? आधी कागद पसरा

शेवटचा पेपर झाला की आपल्याकडची पोरं पंधरा दिवस लग्नांत जेवत हिंडतात. हिंडा की. पण उमविला, म्हणजे जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात, पदवीनंतर प्रवेश घ्यायचा असेल तर त्यातली एक संध्याकाळ काढा आणि ओट्यावर सगळे कागद पसरून बसा. दहावीचं गुणपत्रक, पदवीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक. बाकी काही वाचू नका, फक्त नाव वाचा. स्वतःचं, बापाचं, आडनाव. माझ्या गुणपत्रकावर बाप 'दगा' होता आणि आधारवर 'दगडू'. खिडकीतल्या भाऊसाहेबांनी दोन्ही कागद उजेडाला धरले, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, "तुना बापनं नाव काय शे, भो?" मागची रांग हसली. मी प्रतिज्ञापत्रासाठी नोटरी शोधत उन्हात हिंडलो, तेही शेवटच्या तारखेला. आधार दुरुस्तीत दिवस जातात, सरकारी गॅझेटमध्ये नावबदल छापायची वेळ आली तर आणखी जातात. म्हणून हे काम निकालाची वाट न बघता उरकायचं.

जातवैधता नसेल तर पडताळणी समितीकडे आजच अर्ज टाका. धडगाव-अक्कलकुव्याच्या आदिवासी पट्ट्यातल्या पोरांना पुराव्यासाठी आजोबांचा शाळेचा दाखला शोधावा लागतो, आणि आजोबा शाळेत गेलेलेच नसतात! अशांनी चुलत घराण्यात कुणाला वैधता मिळाली आहे का, हे पहिल्यांदा विचारावं. ओबीसीवाल्यांनी नॉन क्रीमी लेअरचा दाखला कुठल्या ३१ मार्चपर्यंत चालतो ते बघून घ्यावं.

टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, सगळ्यांनाच लागतो. मायग्रेशनचं, म्हणजे एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाण्याच्या दाखल्याचं, मात्र मालेगाव-सटाण्याकडचे हमखास विसरतात. बोली आपली, सोयरीक आपली, पण जिल्हा नाशिक, म्हणजे पदवी पुणे विद्यापीठाची. उमवि १५ ऑगस्ट १९९० ला पुण्यापासून वेगळं झालं ते जळगाव, धुळे, नंदुरबारपुरतं. बाहेरून येणाऱ्याने मायग्रेशन आधीच काढून ठेवावं. अर्जावर नाव पूर्ण लिहा, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. २०१८ पासून तेच आहे. मोठ्या भावाच्या पदवीवर जुनं नाव असेल, ते बघून गोंधळू नका.

महाडीबीटीसाठी, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलसाठी, बँकखातं आधारशी जोडलेलं हवं. नुसतं खातं असून भागत नाही, पैसे अडकतात. वसतिगृहाची चौकशी प्रवेशाबरोबरच करा. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर आदिवासी पोरांना 'स्वयं' आणि अनुसूचित जातीच्या पोरांना 'स्वाधार' योजना आहे, त्यातून राहण्या-जेवणाचा खर्च मिळतो.

प्रवेशाआधी एकदा नुसतं बघायला जाऊन या. आपल्या तालुक्याच्या कॉलेजात गेटवरून हाक मारली तर कॅन्टीनमध्ये ऐकू जाते. इथं गिरणाकाठी शेकडो एकरांचा पसारा, विभागाला म्हणायचं प्रशाळा, आणि एका प्रशाळेतून दुसरीत जाईस्तोवर घशाला कोरड पडते. पाण्याची बाटली आणि रुमाल घ्या. ज्या विषयाला जायचं त्या प्रशाळेत एखाद्या सीनियरला गाठा, प्रवेश परीक्षा कशी असते आणि प्रयोगशाळेत खरोखर काय शिकवतात ते विचारा. माहितीपत्रकात हे सापडत नाही.

धुळ्याकडून एसटीने येणार असाल तर जळगावचं तिकीट काढून डुलकी घेऊ नका. विद्यापीठ आधी लागतं, शहर नंतर. पाळधी गाव आलं की दप्तर मांडीवर घ्या आणि कंडक्टरला आठवण करून द्या.