चंद्रा दुर्बिणीचा खरा डेटा उघडून कसा बघायचा

चंद्रा म्हणजे नासाची अवकाशातली एक्स-रे दुर्बीण. तिचे लाल-निळे फोटो सगळ्यांनी बघितलेत, पण ते रंग कोणीतरी बसून भरलेले असतात आणि ते काम तुम्हीपण करू शकता, डेटा फुकट आहे, साधा लॅपटॉप चालतो. आधी डीएस-नाइन नावाचं, दुर्बिणींचा डेटा बघायचं सॉफ्टवेअर टाकून घ्या, तेही फुकटच.

मग चंद्राच्या आर्काइव्हमध्ये कॅसिओपिया ए शोधा. हा फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष, साधारण ११,००० प्रकाशवर्षं लांब, १९९९ मध्ये चंद्रा वर गेल्यावर जगाला दाखवलेला पहिला फोटो याचाच. लिस्टमध्ये बरीच निरीक्षणं दिसतील, त्यातलं एसिस कॅमेऱ्याचं, ग्रेटिंग (एक्स-रे एनर्जीनुसार पसरवणारी जाळी) नसलेलं आणि ५० किलोसेकंदांच्या, म्हणजे ५० हजार सेकंदांच्या आसपासचं एक घ्या. डाउनलोड झालं की 'प्रायमरी' फोल्डरमध्ये ज्या फाइलच्या नावात ईव्हीटी-२ आहे ती डीएस-नाइनमध्ये उघडा, स्केल लॉग करा. बाकीच्या फाइल्सकडे सध्या बघूच नका, उगाच घाबरायला होतं.

आता समोर दिसतंय तो फोटो नाहीये बरं का, ते टेबल आहे. प्रत्येक ओळ म्हणजे एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, कुठे पडला, कधी पडला, एनर्जी किती इलेक्ट्रॉन व्होल्ट. एक्स-रे फोटॉन इतके कमी येतात की कॅमेरा ते बहुतेक एकेक करून मोजतो, त्यामुळे कुठले ठेवायचे आणि कुठले काढायचे हे नंतर घरी बसून ठरवता येतं, आणि खरी मजा इथेच आहे.

बिन मेनूत बिनिंग पॅरामीटर्स उघडा, फिल्टरच्या चौकटीत इंग्रजीत एनर्जी, बरोबरचं चिन्ह, १७५०, कोलन, २००० असं टाका. उरलं ते मुख्यतः सिलिकॉन, वर डावीकडे बाहेर घुसलेला झोतपण दिसेल. मग ६४०० ते ६९०० टाका, हे लोखंड. खाली डावीकडे नीट बघा, लोखंड सिलिकॉनच्याही बाहेर गेलंय! ताऱ्यात ते सगळ्यात आत तयार होतं, म्हणजे स्फोटात आतलं बाहेर आलं, आणि हे तुम्ही दोन आकडे बदलून बघितलंत. ४२०० ते ६००० ला कडेच्या बारीक रेषा उठून दिसतात, तिथे शॉक वेव्हमध्ये इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळतायत. रंगीत हवं असेल तर आरजीबी फ्रेम घ्या, तिन्ही रंगांना वेगळा फिल्टर द्या, झालं.

फसायच्या जागा दोन. चंद्राचा आरसा मधोमध प्रचंड शार्प आहे पण कडेला नाही, त्यामुळे कडेचा ठिपका पसरट दिसला तर तो तारा तसा नसतो. दुसरं म्हणजे एसिस कॅमेऱ्यासमोर बसवलेल्या खऱ्याखुऱ्या फिल्टरवर वर्षानुवर्षं थर साचत गेलाय, तो कमी एनर्जीचे फोटॉन खातो, म्हणून १००० च्या खाली जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून 'अरे हे मंद झालं' म्हणू नका.

कडांची तुलना मात्र जरूर करा. २००० ची आणि २०१९ ची फाइल दोन फ्रेममध्ये उघडा, दोन्हीत ४२०० ते ६००० ठेवा, फ्रेम मेनूतून डब्ल्यूसीएसने, म्हणजे आकाशातल्या जागेनुसार, जुळवा आणि ब्लिंक लावा, दोन्ही आलटून-पालटून दिसतील. बाहेरची कड वर्षाला अर्ध्या पिक्सेलपेक्षा थोडी जास्त सरकते, एवढ्या वर्षांत दहाएक पिक्सेल होतात. झूम केलंत की फुगताना सरळ दिसतं.