बाकरवडी उकलते, भाजी पाणचट होते: घरी करताना या चुका टाळा

मागच्या दिवाळीच्या आधी भाचीचा जर्मनीहून व्हिडिओ कॉल आला. कढई गॅसवर, फोन ओट्यावर टेकवलेला, आणि तेलात बाकरवड्यांच्या नुसत्या मोकळ्या पट्ट्या तरंगत होत्या. "मावशी, सगळं सारण बाहेर आलं गं. मसाला तर तू सांगितलास तोच घातलाय." मी तिला म्हटलं, फोन जरा कढईजवळ ने. तेल खळखळून फसफसत होतं. तिथेच कळलं. वडीत ओल राहिली होती आणि तेल नको तेवढं तापलं होतं.

दुकानासारखी चव घरी का येत नाही, असं कुणी विचारलं की बोलणं लगेच मसाल्यावर जातं. कुठल्या ब्रँडचा, किती चमचे, त्यात काही वेगळं घालतात का. इतकी वर्षं हे पदार्थ घरी करताना माझ्या लक्षात आलेली गोष्ट वेगळी आहे. बहुतेक वेळा पदार्थ पाण्यापायी बिघडतो. कुठे ते जास्त राहतं, कुठे भलत्या वेळी पडतं, कुठे ते उडून जायला आपण वेळच देत नाही. म्हणून खाली चार पदार्थ घेतलेत, सगळ्यांना हवेसे आणि बहुतेकांचे कधी ना कधी फसलेले.

बाकरवडी

सगळ्यात आधी एक घोळ मिटवू या. पुण्यात बाकरवडी म्हटलं की चितळ्यांची डोळ्यांपुढे येते: लहान, कोरडी, आंबटगोड, डब्यात टिकणारी. बडोद्याची भाकरवडीही त्याच जातीची. विदर्भातली पुडाची वडी किंवा सांबारवडी हे प्रकरण मात्र निराळं. तिच्यात ओली कोथिंबीर भरभरून असते आणि ती गरमागरम खायची असते. पुष्कळ घरांत या दोन्हींची सरमिसळ होते. ओलं खोबरं आणि कोथिंबीर घालून बाकरवडी करतात आणि ती आठ दिवस कुरकुरीत राहील अशी अपेक्षा धरतात. ती राहणार नाही. टिकाऊ बाकरवडीच्या सारणात ओलं काही नको. सुकं खोबरं, तीळ, खसखस, धने, बडीशेप, जिरं, लाल तिखट, पिठीसाखर, आमचूर, मीठ, बस्स. खोबरं किसून मंद आचेवर जेमतेम रंग बदलेपर्यंत भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच वाटा. गरम असताना मिक्सरला लावलं तर तेल सुटून गोळा होतो. मी यात मूठभर बारीक शेव चुरून घालते, ती सारणातलं तेल धरून ठेवते आणि वडी कापताना सारण सांडत नाही.

पारीसाठी एक वाटी मैद्याला अर्धी वाटी बेसन आणि दोन टेबलस्पून कडकडीत तेलाचं मोहन. खुसखुशीत व्हावी म्हणून मोहन वाढवण्याचा मोह होतो, तो आवरा. मोहन जास्त झालं की पारी ठिसूळ होते, गुंडाळताना तडकते आणि तेलात विरघळल्यासारखी सुटते. पीठ पुरीच्या पिठाहूनही घट्ट भिजवा, वीस मिनिटं झाकून ठेवा. सैल पिठाची बाकरवडी वरून लाल दिसते आणि आतून पिठूळ लागते.

आता चिंच. पारीवर चिंच-गुळाची चटणी लावतात ती चवीसाठी आणि सारण चिकटून राहावं म्हणून. इथेच सगळ्यात जास्त बाकरवड्या बिघडतात. चटणी इतकी आटवलेली हवी की चमचा उलटा धरला तरी ओघळ येऊ नये. आणि ती लावायची बोटाने, पारीचा रंग खालून दिसत राहील इतकी पातळ. पातळ चटणी लावली की तिच्या पाण्याने पारी आतून मऊ होते. तेलात गेल्यावर त्या पाण्याची वाफ होते, वाफ बाहेर पडायला वाट शोधते आणि वाटेत वडी उकलते.

सारण पसरलं की वरून लाटणं एकदा हलकेच फिरवा, म्हणजे ते पारीत बसतं. कडेची बोटभर जागा मोकळी सोडून तिथे पाण्याचं बोट फिरवा. गुंडाळी सुरुवातीपासून घट्ट हवी, मधे पोकळी राहिली तर ती तेलाने भरते. वड्या कापल्यावर प्रत्येक वडी दोन बोटांत धरून वरून जरा दाबा आणि पंख्याखाली पंधरा मिनिटं सुकू द्या. हे सुकवणं घाईत हमखास राहून जातं.

तळणीसाठी तेल १४० ते १५० अंश सेल्सिअसच्या आसपास असावं. मापक नसेल तर पिठाचा छोटा गोळा टाकून पाहा. तो तळाशी जाऊन, तीन-चार सेकंद थांबून सावकाश वर आला पाहिजे. टाकल्याबरोबर उसळून वर आला तर तेल जास्त तापलंय. एका घाण्याला बारा ते पंधरा मिनिटं लागतात आणि ती द्यावीच लागतात. रंगावर जाऊ नका, बुडबुड्यांकडे बघा. वडी तेलात सोडली की तिच्याभोवती दाट फेस येतो, ती आतली ओल बाहेर पडत असते. हळूहळू बुडबुडे बारीक होतात, विरळ होतात, कढईचा आवाज खाली येतो. जवळजवळ सगळं शांत झालं की वडी झाली. छान तांबूस दिसते म्हणून फेस असतानाच काढलेली वडी दुसऱ्या दिवशी मऊ पडते.

तेलात काळे कण दिसू लागले तर सारणातली साखर बाहेर पडून जळतेय असं समजा. तेल गाळून मगच पुढचा घाणा सोडा, नाहीतर उरलेल्या सगळ्या वड्यांना तो कडवटपणा लागतो. तळलेल्या वड्या कागदावर एकमेकींवर रचू नका, चाळणीत सुट्या ठेवा. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. कोमट वडीची वाफ डब्यातच राहते आणि सगळा डबा सादळतो. सादळलाच तर ओव्हन १२० अंशांवर ठेवून पंधरा मिनिटं वड्या तापवा आणि बाहेर गार होऊ द्या, बऱ्याचशा पुन्हा कुरकुरीत होतात. मायक्रोवेव्हमध्ये त्या आणखी नरम पडतात.

भाचीच्या उरलेल्या गुंडाळ्या आम्ही त्या दिवशी वाचवल्या. कापलेल्या वड्या तिने अर्धा तास उघड्या सुकवल्या, तेल गार करून पुन्हा मंद तापवलं आणि एका वेळी सहाच सोडल्या. एकही उकलली नाही.

गाडीवरचा बटाटेवडा

इथे दोन ठिकाणी पाणी नडतं. पहिलं बटाट्यात. सोलून, चिरून कुकरला लावलेला बटाटा पाणी पितो. अख्खा, सालीसकट उकडा, सोलून ताटात पसरून त्याची वाफ जाऊ द्या आणि मग हातानेच कुस्करा. किसू नका, किसलेल्या बटाट्याचा चिकट लगदा होतो. भाजी गरम असताना गोळे करून पिठात बुडवले की आतली वाफ आवरण फोडते, तेल आत शिरतं आणि वडा तेलकट होतो. भाजी पूर्ण गार पाहिजे.

दुसरं पिठात. पिठात बोट बुडवून वर काढा. बोटाची कातडी दिसली तर पीठ पातळ आहे, आणि थेंब पडायलाच तयार नसेल तर घट्ट. वाटीभर बेसनाला चमचाभर तांदळाचं पीठ आणि चमचाभर कडकडीत तेल पुरे. सोडा घालायचाच तर चिमूट, त्याहून जास्त नको. सोडा जास्त झाला की आवरण तेल पितं, आणि हळदीवर सोड्याचा परिणाम होऊन वड्याचा रंग लालसर होतो. वड्यासाठी तेल मात्र चांगलं तापलेलं हवं, १७५-१८० अंश. आतली भाजी शिजलेलीच असते, फक्त आवरण तळायचं असतं. बाकरवडीच्या मंद तेलात वडे सोडले की ते तेल पीतच बसतात.

वडापावची कोरडी लसणाची चटणी घरची मिळमिळीत का लागते, याचंही उत्तर कढईतच आहे. तळताना पिठाचे थेंब मुद्दाम सोडा, कुरकुरीत चुरा काढून घ्या आणि तो लसूण, सुकं खोबरं आणि तिखटासोबत जाडसर वाटा.

पावभाजी

ही मुंबईची, गिरण्यांच्या काळातली, मोठ्या तव्यावर चालणारी. तवा हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. घरी आपण सगळ्या भाज्या कुकरमध्ये तांब्याभर पाणी घालून चार शिट्ट्या काढतो, तेच पाणी घोटून वर फोडणी देतो आणि मग भाजी उकडल्या भाजीसारखी लागते म्हणून हळहळतो. ताडदेवच्या सरदारसमोर किंवा कुठल्याही चांगल्या गाडीसमोर पाच मिनिटं उभं राहून बघा. भाजी तव्यावर पसरलेली असते, सतत रगडली जात असते आणि पाणी पळीपळीने पडत असतं. पसरट तव्यावर पाणी चटकन उडतं आणि तळाशी भाजी जराशी लागते. ती लागलेली भाजी खरवडून पुन्हा मिसळली जाते. चव तिथे तयार होते. खोल कढईत हे होत नाही. घरी सगळ्यात पसरट असेल ते लोखंडी भांडं काढा.

बटाटा साधारण निम्मा, बाकी फ्लॉवर आणि मटार. पाणी भाज्यांच्या निम्म्यापर्यंतच. उकडल्यावर उरलेलं पाणी निथळून बाजूला ठेवा, फेकू नका. काश्मिरी मिरच्या गरम पाण्यात भिजवून लसणाबरोबर गुळगुळीत वाटा. रंग त्यातूनच येतो. बीट घातलं तर भाजी गुलाबी होते आणि गोडसर लागते, मला ते मुळीच पटत नाही.

लोण्यात थोडं तेल घाला. कांदा, ढोबळी मिरची, मग मिरची-लसणाचं वाटण, मग टोमॅटो. इथे घाई करू नका. टोमॅटो पार विरघळून कडेने तेल सुटेपर्यंत परता, मोठ्या आचेवरही दहा मिनिटं जातात. टोमॅटोचं पाणी आटायच्या आत उकडलेल्या भाज्या घातल्या की कच्चा आंबटपणा शेवटपर्यंत जात नाही, कितीही मसाला घाला. पावभाजी मसालाही याच तेलात अर्धा मिनिट परता. वरून भुरभुरलेला मसाला घशाला लागतो. मग भाज्या, आणि स्मॅशर घेऊन पंधरा मिनिटं रगडा, बाजूला ठेवलेलं पाणी थोडं थोडं घालत.

भाजी पातळ झाली असेल तर कॉर्नफ्लोअर लावू नका, चकाकी येते पण चव मरते. निम्मी भाजी तव्यावर पसरून मोठ्या आचेवर आटवा आणि उरलेल्या निम्मीत मिसळा. फिकी लागली तर आधी मीठ बघा, मग लिंबू, मगच मसाल्याचा डबा उघडा.

श्रीखंड

इथे तर सगळं पाण्यावरच आहे. फुल क्रीम दुधाचं, अजून गोड असलेलं दही घ्या. लिटरभर दुधाच्या दह्याचा साधारण ३५० ते ४०० ग्रॅम चक्का निघतो. तुमचा निम्मा किलो निघाला तर खूश होऊ नका, त्यात पाणी आहे. उन्हाळ्यात पुरचुंडी रात्रभर नळाला टांगून ठेवली की सकाळपर्यंत दही आंबट होतं, मग आपण साखर वाढवतो आणि श्रीखंड आणखी सैल होतं. पहिला तासभर बाहेर टांगा, पुढे चाळणीत ठेवून वर वजन देऊन फ्रीजमध्ये. चमचाभर चक्का सुती रुमालावर दहा मिनिटं ठेवून बघा, भोवती ओलं कडं पसरलं तर अजून वेळ लागेल. परदेशात ग्रीक योगर्ट वापरणाऱ्यांनीही ते थेट वापरू नये, तीन-चार तास टांगावंच.

साखर घातली की चक्का सैल होतो, घाबरू नका. तासभर मुरू द्या आणि पुरणयंत्रातून काढा. मिक्सरला अजिबात लावू नका, त्याच्या पात्यांनी चक्क्याचं अंग मोडतं आणि तो सरसरीत होतो. केशर चमचाभर कोमट दुधातच भिजवा. आम्रखंडासाठी हापूसचा रस आधी आटवून पूर्ण गार करा आणि साखर त्या मानाने कमी घाला.

एवढं करूनही श्रीखंड पळीवाढं झालं तर त्यात दुधाची पावडर ढकलू नका, पिठूळ लागते. दोन वाट्या श्रीखंडाला वाटी-दीड वाटी गोडसर ताजं ताक घाला, चवीपुरतं मीठ, केशर, किसलेलं जायफळ, आणि रवीने घुसळून दोन तास थंड करा. दादर-गिरगावातल्या मराठी उपाहारगृहांत पेल्यातून मिळतं ते पियूष हेच.